पाठीवरचा हात आणि जोखमीचा निर्णय

२०१० साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात जोनाथन लेवाव आणि जेनिफर आर्गो यांचा एक शोधनिबंध आला. त्यातला प्रश्न सुटसुटीत होता. प्रयोगासाठी आलेल्या माणसाच्या खांद्यावर कुणी धीर दिल्यासारखं हलकेच थोपटलं, तर त्यानंतर पैशांचे निर्णय घेताना तो जास्त जोखीम पत्करतो का? तीन प्रयोग झाले. कुठे व्यवहार कागदावरचा होता, कुठे खरे पैसे पणाला लागले होते. प्रयोग घेणाऱ्या स्त्रीने खांद्यावर थोपटलं की पुरुष काय आणि स्त्रिया काय, दोघेही अधिक जोखमीच्या पर्यायाकडे झुकले. थोपटण्याऐवजी हस्तांदोलन केलं तर परिणाम फिका पडला, आणि थोपटणारा पुरुष असेल तर तो दिसलाच नाही. स्पर्श आणि जोखीम यांच्यामधला दुवाही संशोधकांनी शोधला. तो होता सुरक्षित वाटण्याचा.

परीक्षेला निघालेल्या नातीच्या डोक्यावरून आजी हात फिरवते. आखाड्यात उतरणाऱ्या मल्लाची पाठ वस्ताद थोपटतो. ऑपरेशनच्या आधी नर्स रुग्णाचा हात हातात घेते. आणि गुंतवणुकीची योजना समजावून देणारा एजंटही सही घेताना खांद्यावर हात ठेवतो. चारही ठिकाणी समोरच्याला धीर येतो आणि चारही ठिकाणी तो पुढचं पाऊल टाकतो. पण या चार हातांची किंमत सारखी नाही. ती सारखी का नाही, याचं उत्तर प्राण्यांवरचे प्रयोग, मेंदूविज्ञान, बाजारातली निरीक्षणं आणि आपल्या दहीहंडीचे थर यांतून हळूहळू उलगडत जातं.

लहानपणी मिळालेलं बळ

विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पिल्लांना जन्मतःच आईपासून तोडून दोन कृत्रिम आयांपाशी ठेवलं होतं. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ कापडी आईला बिलगून काढत. १९५८ साली हार्लो यांनी हे जाहीरपणे मांडलं आणि मूल आईला चिकटतं ते केवळ दुधासाठी, हा त्या काळचा समज डळमळीत झाला.

प्रयोगाचा एवढा भाग सगळेच सांगतात. जोखमीशी संबंध असलेला भाग त्याच्या पुढचा आहे. पिल्लाला एका अनोळखी खोलीत सोडलं जाई. खोलीत चुरगळलेला कागद, लाकडी ठोकळा, दाराची मूठ अशा त्याने कधी न पाहिलेल्या वस्तू पडलेल्या असत. आई नसेल तर पिल्लू जागच्या जागी गोठायचं, अंग आक्रसून बसायचं, स्वतःलाच कवटाळून झुलायचं, ओरडायचं. कापडी आई खोलीत असेल तर ते आधी धावत जाऊन तिला घट्ट धरायचं, तिच्यावर चढायचं, अंग घासायचं. थोडा वेळ गेला की मात्र हात सोडून एखाद्या वस्तूपर्यंत जायचं, ती हाताळायचं, परत येऊन आईला शिवायचं आणि पुन्हा नव्या वस्तूकडे वळायचं. तारेच्या आईने हे धैर्य दिलं नाही. ज्या पिल्लांना तिच्याकडूनच दूध मिळत होतं त्यांनाही नाही. हे प्रयोग क्रूर होते आणि त्यांच्यावर झालेली टीका रास्तच आहे. पण त्यातून एक गोष्ट कायमची कळली. बिलगायला मिळालेलं पिल्लू बिलगून बसत नाही, ते दूर जायला धजावतं.

माणसाच्या मुलांबाबत जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी हाच विचार पुढे नेला. एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आया आणि तान्ही मुलं यांचं बारकाईने निरीक्षण केलं. ज्या मुलाला आईचा भरवसा आहे ते तिला तळ मानून आसपासचं जग धुंडाळतं, बिचकलं की परत येतं, जवळ घेतलं की पुन्हा निघतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांमध्ये याचं जैविक रूप दाखवलं. ज्या माद्या पिल्लांना जास्त चाटत, त्यांची पिल्लं मोठेपणी ताणाला कमी बिथरत आणि मोकळ्या, अपरिचित जागेत जास्त फिरत. जवळीक कमी मिळालेली पिल्लं कडेकडेने राहत.

लेवाव आणि आर्गो यांनीही आपल्या निष्कर्षाचा धागा इथेच जोडला. स्त्रीचं हलकं थोपटणं बालपणीच्या आईच्या स्पर्शाची भावना जागी करत असावं, असा त्यांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण पुरुषाच्या थोपटण्याचा परिणाम का झाला नाही, याचा अर्थ त्यातून निदान लागतो.

त्वचेपासून मेंदूपर्यंत

आपल्या केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे अतिशय सावकाश संदेश वाहणारे मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने, म्हणजे आई बाळाच्या अंगावरून हात फिरवते साधारण त्या वेगाने स्पर्श झाला की ते सर्वाधिक जागे होतात, आणि माणसाला तोच स्पर्श सर्वांत सुखद वाटतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी या तंतूंचा मोठा अभ्यास केला आहे. मात्र शर्टावरून खांद्यावर पडलेली क्षणभराची थाप या वर्णनात नीटशी बसत नाही. त्यामुळे ‘स्पर्श झाला, तंतू चेतले, माणूस धाडसी झाला’ अशी सरळ साखळी कुणी मांडली तर सावध राहावं. थाप काम करते ती बऱ्याच अंशी तिच्या अर्थामुळे.

अर्थाचं वजन किती असतं, हे जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या प्रयोगात दिसलं. सोळा विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये झोपवून घोट्याला विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता असल्याची खूण दाखवली जाई. कधी हातात नवऱ्याचा हात, कधी अनोळखी पुरुषाचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात हाती असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग सर्वांत शांत राहिले. अनोळखी हातानेही थोडा फरक पडला. आणि ज्यांचं सहजीवन अधिक सुखाचं होतं त्यांच्यात नवऱ्याच्या हाताचा परिणाम अधिक ठळक होता. झटका बसण्याची शक्यता मात्र तिन्ही वेळा तेवढीच होती.

या लेखाचा कणा मला इथे सापडतो. स्पर्शाने धोका कमी होत नाही, धोक्याची भीती कमी होते. कधी ही भीती उगाच वाढलेली असते आणि ती उतरली की माणूस योग्य ते करू शकतो. कधी ती अगदी रास्त असते आणि ती उतरली की नुकसान होतं. हात दोन्ही वेळा तोच असतो.

ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं नाव या संदर्भात हमखास घेतलं जातं. २००५ साली झुरिकच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नाकावाटे ऑक्सिटोसिन घेतलेल्यांनी विश्वासाच्या खेळात अनोळखी जोडीदाराकडे जास्त पैसे सोपवले. समोर माणूस नसून निव्वळ नशिबाचा खेळ असेल, तेव्हा मात्र ऑक्सिटोसिनने जोखीम वाढली नाही. हा बारकावा लोकप्रिय लेखांतून गळून गेला. पुढे २०२० साली काटेकोर आखणी करून हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मूळ परिणाम एकूणात मिळालाच नाही. त्यामुळे ‘मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढवा, निर्भय व्हा’ असा सल्ला विज्ञानाच्या नावाने देऊ नये.

हात कुणाचा, आणि कशासाठी?

स्पर्शाचा परिणाम एकाच दिशेने जातो असं मानलं तर पुढचे पुरावे कोड्यात टाकतात. १९७९ साली शेरिल व्हिचर आणि जेफ्री फिशर यांनी रुग्णालयात केलेला अभ्यास पाहा. शस्त्रक्रियेआधी माहिती देताना नर्सने हात धरला, तेव्हा स्त्री रुग्णांची चिंता आणि रक्तदाब कमी झाले. पुरुष रुग्णांत उलटं घडलं. असा आधार घेणं म्हणजे आपण दुबळे, परावलंबी असल्याची कबुली, असं त्यांना वाटलं असावं. जो स्पर्श एकाला धीर देतो तो दुसऱ्याला त्याच्या असहायतेची आठवण करून देतो.

दुकानातली गोष्ट आणखी वेगळी. ब्रेट मार्टिन यांनी २०१२ साली दाखवलं की खरेदी करताना मागून एखाद्या अनोळखी ग्राहकाचा ओझरता धक्का लागला, तरी माणूस त्या वस्तूपाशी कमी वेळ थांबतो आणि तिला कमी लेखतो. उलट १९८४ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एप्रिल क्रस्को आणि क्रिस्टोफर वेट्झेल यांनी उपाहारगृहात केलेली पाहणी. उरलेले पैसे परत देताना वेट्रेसने हाताला निमिषभर स्पर्श केला तर ग्राहकांनी बिलाच्या सतरा टक्के टिप ठेवली, खांद्याला केला तर चौदा टक्के, आणि मुळीच केला नाही तर बारा टक्के. विशेष म्हणजे स्पर्श झालेल्यांनी जेवणाला किंवा सेवेला अधिक चांगलं म्हटलं नाही. मत तेच राहिलं, खिसा मात्र सैल झाला.

एजंटच्या हाताचं स्वरूप इथे उघड होतं. स्पर्शाने माणसाला काही पटलं नाही, तरी त्याच्या वागण्यात फरक पडला. पाच-दहा रुपयांच्या टिपमध्ये कुणाचं काही जात नाही. पण निवृत्तीची पुंजी गुंतवताना किंवा कर्जाला जामीन राहताना असाच फरक पडला, तर त्याचा भार पुढे कित्येक वर्षं वाहावा लागतो.

सावरणारा हात

स्पर्श आणि जोखीम यांची सर्वांत उजळ बाजू खेळात दिसते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल क्राउस, कॅसी हुआंग आणि डॅचर केल्टनर यांनी २००८-०९ च्या हंगामातल्या एनबीए बास्केटबॉल सामन्यांचं चित्रण पाहून तीसही संघांमधल्या २९४ खेळाडूंचे आपसातले स्पर्श मोजले. टाळी, छातीला छाती भिडवणं, डोक्यावर चापट, गळाभेट. हंगामाच्या सुरुवातीला जे संघ एकमेकांना जास्त स्पर्श करत होते ते पुढे चांगले खेळले. त्यांच्या खेळातलं सहकार्यही अधिक होतं. खेळाडूंचं मानधन आणि सुरुवातीची कामगिरी जमेस धरूनही हा संबंध टिकला. अर्थात हा सहसंबंध आहे. चांगला खेळणारा एकजिनसी संघ आपोआपच जास्त टाळ्या देत असेल, ही शक्यता उरतेच.

मुंबई-ठाण्याची दहीहंडी या प्रश्नासाठी प्रयोगशाळेहून बोलकी आहे. गुरुपौर्णिमेच्या सुमारास गल्लीत सराव सुरू होतो. तळाला भरभक्कम गड्यांचं कडं बसतं. हात एकमेकांच्या खांद्यांत गुंफलेले, माना खाली, पाय रोवलेले. त्यांच्याभोवती आणखी माणसं दाटीने उभी राहून आतल्यांच्या पाठींना रेटा देतात. दुसऱ्या थराचा गडी पहिल्याच्या मांडीवर पाय देतो, खांद्यावर चढतो, उभा राहण्याआधी शेजाऱ्याचा दंड पकडतो. वर सातव्या-आठव्या थरावर जाणाऱ्या पोराला खालचं काही दिसत नाही. पायाखालचे खांदे किती थरथरताहेत ते त्याला तळव्यांनी कळतं आणि त्यावरच तो ठरवतो, आणखी वर जायचं की ‘उतरा’ म्हणायचं. थर कोसळलाच तर तळाशी दाटलेली माणसंच त्याला झेलतात. इथे स्पर्श धीरही देतो, खबरही देतो आणि सांभाळतोही. स्पेनच्या कातालोनियात माणसांचे असेच मनोरे उभारतात. त्यांना ‘कास्टेल्स’ म्हणतात आणि युनेस्कोने २०१० साली या परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. तिथेही बुंध्याला माणसांची तशीच घट्ट दाटी असते.

तरीही दरवर्षी गोविंदा जखमी होऊन रुग्णालयांत दाखल होतात, काहींचे जीव जातात. उंचीवर आणि मुलांच्या वयावर उच्च न्यायालयात खल झाला. २०१७ साली चौदा वर्षांखालच्या मुलांना वर चढवण्यास मनाई कायम झाली. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. खालच्या हातांचा भरवसा कितीही खरा असला तरी नवव्या थराची उंची तेवढीच राहते. बक्षिसाच्या रकमेपायी सरावापेक्षा एक थर जास्त लावला जातो, तेव्हा ज्या भरवशाने पथक उभं राहतं तोच भरवसा त्याला पाडतो.

इथे आणखी एक घोळ सोडवायला हवा. अशा ठिकाणी जोखीम वाढते ती स्पर्शामुळे की नुसत्या सोबतीमुळे? मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली दाखवलं की गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात किशोरवयीन मुलं मित्र पाहत असताना जास्त धोका पत्करतात. प्रौढांवर मित्रांचा तसा परिणाम झाला नाही. तिथे कुणी कुणाला हात लावला नव्हता. २०२१ साली इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगात तर ‘पेपर’ नावाच्या यंत्रमानवाने तोंडी प्रोत्साहन दिलं, तेव्हाही विद्यार्थ्यांनी फुगा फुगवण्याच्या खेळात जास्त जोखीम घेतली. आणि सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत वायदेबाजारातल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. तिथे तर बहुतेक व्यवहार पडद्यावरच होतात, कुणाचा हात पाठीवर नसतो. जोखमीची कारणं पुष्कळ आहेत. स्पर्श हे त्यातलं एक, आणि बहुधा लहानसं.

पुरावा किती पक्का?

मानसशास्त्रातल्या छोट्या प्रयोगांवर किती विसंबावं, हा प्रश्न गेलं दशकभर गाजतो आहे. २०१५ साली शंभर प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा त्यांतल्या जेमतेम छत्तीस टक्क्यांमध्ये ठोस निष्कर्ष पुन्हा मिळाला. स्पर्शाने लोक विनंती मानतात, हे सांगणारे अनेक निबंध फ्रान्सच्या निकोला गेगाँ यांचे आहेत. त्यांच्या संशोधनातल्या आकडेवारीवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या आणि काही निबंध मागेही घेतले गेले. त्या आधाराने लिहिलेले विक्रीकलेचे धडे म्हणूनच कच्चे समजावेत.

भक्कम पुरावा आहे तो जरा वेगळ्या ठिकाणी. २०२४ साली युलियान पॅकहायझर आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक अभ्यासांचा, जवळपास तेरा हजार माणसांचा एकत्र धांडोळा घेतला. स्पर्शाने वेदना, चिंता आणि नैराश्य कमी होतं, नवजात बाळांचं वजन वाढायला मदत होते, हे त्यातून ठळक झालं. थोडक्यात, स्पर्शाने माणूस शांत होतो हे पक्कं आहे. शांत झालेला माणूस अधिक धाडस करतो, हे लहानग्यांच्या आणि प्राण्यांच्या अभ्यासातून पटण्याजोगं आहे. पण प्रौढाच्या खांद्यावरच्या एका थापेने त्याचा पैशांचा निर्णय बदलतो, याचा थेट पुरावा अजून पातळ आहे.

आपल्याकडचा अवघड स्पर्श

हे प्रयोग बहुतांशी अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांत झाले. सिडनी जुरार्ड यांनी १९६० च्या दशकात कॅफेत बसलेल्या जोड्यांचे स्पर्श मोजले. पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये तासाला १८०, पॅरिसमध्ये ११० आणि लंडनमध्ये एकही नाही, असा त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे. समाज बदलला की स्पर्शाचे रिवाज बदलतात. आपल्याकडे मित्र हातात हात घालून रस्त्याने चालतात, पण नवरा-बायको चारचौघांत अंतर राखतात. अनोळखी स्त्रीने पुरुषाच्या खांद्यावर थोपटणं इथे धीर देणारं ठरेल की अवघडवणारं, हे अमेरिकी प्रयोगावरून ठरवता येणार नाही. आणि स्त्रीच्या बाबतीत नको असलेला स्पर्श हाच मुळी धोका असतो. तिथे सुरक्षिततेची भाषा करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

त्याहून मोठा प्रश्न जातीचा. ज्या समाजात शतकानुशतकं काही माणसांना स्पर्शच नाकारला गेला, तिथे पाठीवरचा हात कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, याचा हिशेब मांडल्याशिवाय धाडसाची चर्चा पुरी होत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. सर्वांसमोर जात जाहीर केली नाही, तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीने होती. जात पुकारली, तेव्हा ती मागे पडली. हा स्पर्शाचा प्रयोग नाही. पण सुरक्षित वाटणं हिरावून घेतलं की माणूस आपल्या कुवतीपेक्षा खाली उतरतो, हे तो दाखवतो. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी हाती घेणाऱ्यांना कुणाच्या आश्वासक हाताची वाट पाहता आली नाही. त्यांनी एकमेकांच्या बळावर ती जोखीम घेतली. या विषयावर भारतात, आपल्या भाषांत, आपल्या माणसांवर संशोधन व्हायला हवं आणि त्यात जातीचा रकाना रिकामा राहता कामा नये.

निवाडा

आजी, वस्ताद, नर्स आणि एजंट यांच्यातला फरक आता सांगता येतो. पहिल्या तिघांचा हात आपण हरलो, पडलो, घाबरलो तरी आपल्यापाशी राहतो. एजंटचा हात सही होईपर्यंतच असतो. त्यामुळे पारख करायची ती स्पर्शाची नाही, त्यामागच्या माणसाची: नुकसान झालं तर त्यातलं काही याच्या वाट्याला येणार आहे का?

मुलांना जवळ घ्या, त्यांना हवं तेव्हा आणि हवं तेवढं. लाडाने मूल भित्रं होतं, या समजुतीला संशोधनात आधार नाही, उलटा आधार भरपूर आहे. आजाऱ्याचा हात धरा, पण त्याला चालणार असेल तर. खेळाडूची पाठ थोपटा आणि त्याच वेळी खालचं कडं पक्कं आहे ना, हेही बघा. आणि पैशांच्या कागदावर सही मागणाऱ्याने खांद्यावर हात ठेवला, तर कागद घरी आणा, एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी एकट्याने वाचून मगच सही करा.